कानसेन

कानसेन एका सहकारी बँकेत ऑडिट बघतो. दिवसा ऑडिट, रात्री ऑडिओ; काम दोन्हीकडे एकच, दोष काढणे. बँकेत दोष सापडला की बाकीचे घाबरतात आणि घरी सापडला की हा खूश होतो, एवढाच फरक. ज्या वस्तूत दोष सापडत नाही तिच्याकडे तो संशयाने बघतो. इतक्या वर्षांच्या नोकरीने त्याला शिकवलंय, की हिशेब पैशापैशाने जुळला तर समजावं, कुणीतरी रात्री बसून जुळवलाय.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्याला कानसेन म्हणतात ते जुन्या अर्थाने नव्हे. जुने कानसेन सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात शाल आणि थर्मास घेऊन रात्रभर बसत आणि पहाटे भैरवी संपली की डोळे पुसत घरी जात. हा कानसेन वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, आग्रहाखातर एकदा सवाईला गेला आणि तासाभरात बाहेर आला. म्हणाला, "साउंडस्टेज मोठा आहे, नाकारत नाही. पण इमेजिंग अगदीच ढिसाळ. तबला नेमका कुठे आहे तेच कळत नाही." तबला समोर होता. तबलजीसकट दिसत होता. पण कानसेन ऐकताना डोळे मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्यांना तो तबला उजवीकडे, दोन हात पुढे, गुडघ्याच्या उंचीवर ऐकू यायला हवा होता. घरी येतो. कानात बोंडं घातली की.

बोंडं हा शब्द मी त्याच्यासमोर वापरत नाही. 'इअरफोन'ही चालत नाही. "इअरफोन मोबाइलच्या खोक्यात फुकट मिळायचे, ते. हे आयईएम आहेत. इन-इअर मॉनिटर." मॉनिटर का, हेही ओघानेच येतं. रॉकच्या गोंगाटात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे, म्हणून स्टेजवर त्याच्या पायाशी तिरके स्पीकर ठेवत, ते मॉनिटर. पुढे तेही पुरेनात. तेव्हा व्हॅन हेलन या बँडचा साउंड इंजिनिअर जेरी हार्वे याने ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी थेट कानात बसणारे मॉनिटर घडवले आणि १९९५ मध्ये 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी काढली. म्हणजे हजारो लोकांच्या आरडाओरड्यात ढोल बडवणाऱ्या माणसाची अडचण दूर करायला जन्माला आलेली ही वस्तू आज कोथरूडमध्ये, रात्री साडेदहानंतर, पंखा बंद करून बसलेल्या एका ऑडिटरच्या कानात आहे. पंखा बंद, कारण पंख्याने नॉइज फ्लोअर वाढतो. बाहेरचा आवाज अडवणं हा आयईएमचा मुख्य गुण, असंही तोच सांगतो. तरी पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा.

त्याच्याकडे चहाला जाणं ही एक परीक्षा असते. चहा यायच्या आत "हे जरा ऐक" येतं. स्पिरिटच्या बोळ्याने तो कानात जाणाऱ्या टिप्स पुसतो, केबल तुमच्या कानामागून घेतो आणि सूचना देतो: "कान वर ओढ. जरा मागे. तोंड उघड. आता घाल." घालून झालं की जग बंद होतं आणि समोर फक्त कानसेनचा चेहरा उरतो. तो तुमच्याकडे टक लावून बघत असतो. गाणं सुरू होतं. सुरेख असतं. त्यात मन रमायला लागलं, की नेमका त्या क्षणी तो ते थांबवतो.

"काय वाटलं?"

"छान आहे."

हे उत्तर चालत नाही. 'छान' म्हणणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्यांदा काही ऐकवलं जात नाही, तो नुसता चहा पिऊन जातो. पुष्कळांनी हे मुद्दाम केलेलं आहे. मी भिडस्त असल्यामुळे अडकलो आणि हळूहळू तयार झालो. अनुभवाने सांगतो, "मिड्स जरा मागे आहेत का रे?" हे वाक्य कुठल्याही आयईएमला लागू पडतं. कानसेनचे डोळे चमकतात. "बरोब्बर! तुझा कान चांगला आहे." आणि निवांत चहा प्यायचा असेल तर फक्त विचारायचं, "टिप्स बदलून बघितल्यास?" मग तो उठून डबा आणतो आणि पुढचा अर्धा तास आपल्याला बोलावं लागत नाही.

डबा फुलकळ्या आणि कानातली ठेवायचा, कप्प्याकप्प्यांचा. आत सिलिकॉनच्या, फोमच्या, रुंद तोंडाच्या, अरुंद तोंडाच्या, पांढऱ्या, राखाडी, लालचुटूक टिप्स. सगळ्या आकारांच्या. टिप कानात नीट बसली नाही तर फट राहते आणि फट राहिली तर बेस पळून जातो, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कुणीही करून बघावं. माणसाचे दोन कानही सारखे नसतात. कानसेनचा उजवा मीडियमचा आहे आणि डावा स्मॉलचा, आणि आधार कार्डावर हे नोंदवायची सोय नाही याचं त्याला मनापासून नवल वाटतं. फोमची टिप घालण्याआधी बोटांत वळून बारीक करावी लागते आणि ती फुगायच्या आत पटकन कानात सारावी लागते. हे काम तो सकाळी बसमध्ये उभ्याउभ्या करतो. शेजारचा माणूस बघतो, हा अंगठ्याने काहीतरी मळतोय, आणि आपला तळहात पुढे करतो. चुना असल्याचंही सांगतो.

कानसेनची खरी दौलत म्हणजे त्याची वही. ऐकलेल्या प्रत्येक आयईएमची तिच्यात नोंद आहे, आणि नोंदीची पद्धत ऑडिटची: आधी तपशील, मग निरीक्षण, शेवटी शेरा. साहित्य म्हणून ही वही कुणीतरी छापायला हवी. एटिमॉटिकचं ईआर-४ हे १९९१ चं मॉडेल, या पंथातलं आद्यपीठच. मीड किलियन हे श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले शास्त्रज्ञ, त्यांच्या कंपनीचं. त्याची टिप एकावर एक तीन छत्र्यांची असते आणि ती कानात जाते म्हणजे इतकी आत जाते, की आपण काही गुन्हा केलाय का, असं वाटायला लागतं. त्यावर कानसेनचा शेरा: "रंग नाही, गोडवा नाही, लपवाछपवी नाही. खरं तेवढं बोलतो. घरात कुणाला आवडला नाही." जपानच्या फायनल कंपनीचा ई-३०००, पोलादी डबीसारखा दिसणारा आणि स्वस्तातला, त्याबद्दल: "कमी पगारात नेटकं काम. बढतीची अपेक्षा नाही. असे लोक हवेत." आणि एका चिनी कंपनीने हजारबाराशे रुपयांत एकेका कानात ड्रायव्हरांची फौज भरून पाठवली होती, तिच्याबद्दल: "स्टाफ भरपूर, काम कुणीच करत नाही. विलीनीकरणानंतरची शाखा." याखाली लाल शाईने, दोनदा अधोरेखित: "ड्रायव्हर मोजू नका. ट्युनिंग बघा."

ड्रायव्हर म्हणजे कानात आवाज काढणारी मोटर. मला तो भेद त्याने इतक्या वेळा समजावलाय, की मीही आता लग्नकार्यात समजावू शकतो. एक जात डायनॅमिक: छोटं वेटोळं, छोटा पडदा, म्हणजे मोठ्या स्पीकरचंच बाळ. हवा हलवतो, त्यामुळे ढोल ढोलासारखा लागतो. दुसरी जात बॅलन्स्ड आर्मेचर. चुंबकांच्या मध्ये तोलून धरलेली धातूची बारीक पट्टी थरथरते आणि एका काडीने पडदा हलवते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी डबी, पण कमालीची चपळ. ही इवलीशी डबी मुळात श्रवणयंत्रांसाठी निघाली. अमेरिकेतली नोल्स आणि डेन्मार्कची सोनियन या तिच्या नावाजलेल्या कंपन्या. एकट्या डबीला सगळे सूर झेपत नाहीत म्हणून मग दोन घाला, पाच घाला. सिक्स्टी-फोर ऑडिओच्या यू-१२-टी मध्ये एकेका कानात बारा असतात, किंमत १,९९९ डॉलर. उलट झेनहायझरच्या आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, आणि तोही हजार डॉलरच्या वरच. एकाला एवढे आणि बारांना एवढे, हा हिशेब कानसेनला ऑडिटर असूनही खटकत नाही.

हे दोन्ही त्याने मुंबईला एका मेळाव्यात ऐकले. पंथातली माणसं कधीमधी अशी जमतात आणि एकमेकांच्या कानातलं ऐकतात. वहिनी त्याला न्यायला गेल्या तर एका हॉटेलच्या खोलीत पंधरावीस पुरुष खुर्च्यांवर बसलेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली, कुणी कुणाशी बोलत नाही. वहिनींनी दारातच पदर सावरला आणि जवळच्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

यू-१२-टी त्याने घेतलेला नाही. निदान वहिनींना तसं माहीत आहे. किमतीच्या बाबतीत कानसेन घरी एक शून्य नॉइज म्हणून गाळतो. 'कॅम्पफायर अँड्रोमेडा' नावाचा हिरवागार पाच ड्रायव्हरांचा एक जोड आहे, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात तयार झालेला; तो त्याने बेंगळुरूच्या एका गृहस्थाकडून वापरलेला घेतला. वहिनींना कळलेली किंमत ऐकून त्यांनी आपल्या भावासाठीही एक मागवायला सांगितला होता. तो आठवडा कानसेनने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. हा अँड्रोमेडा अतिसंवेदनशील. त्याला इतकी थोडी वीज पुरते, की गाणं सुरू व्हायच्या आधीच प्लेअरच्या पोटातली बारीक सळसळ त्याच्यातून ऐकू येते. तिला हिस म्हणतात. ही हिस घालवायला कानसेनने निराळा प्लेअर घेतला. मग त्या प्लेअरला साजेशी ४.४ मिलिमीटरच्या जाड पिनची बॅलन्स्ड केबल घेतली, चांदीचा मुलामा असलेली. वहिनींनी ती हातात घेऊन वजन केलं. "चांदीची ना? मग अडीअडचणीला मोडता येईल." वहीतला शेरा: "मूळ वस्तू निर्दोष. दोष पुरवठा खात्यात होता. दूर केला." आणि पुढच्या ओळीत: "हिसशिवाय करमत नाही."

खोक्यांचा एक प्रसंग सांगायलाच हवा. चीनमधल्या चेंगदूची मूनड्रॉप ही कंपनी चांगले आणि माफक दरातले आयईएम करते. तिच्या खोक्यांवर बहुधा जपानी चित्रपटांतल्यासारखी मोठ्या डोळ्यांची, आखूड झग्यातली मुलगी काढलेली असते. का असते ते कानसेनलाही सांगता येत नाही. पार्सल अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, घेतलं, सवयीने उघडलं आणि संध्याकाळपर्यंत काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "या वयात?" कानसेन उत्साहाने म्हणाला, "अहो अण्णा, दोन हजारांच्या आसपास मिळते आणि काय बोलते म्हणून सांगू!" त्या रात्री घरात फार कमी बोलणं झालं.

नवा आयईएम आला की तो लगेच ऐकायचा नसतो. आधी शंभर तास वाजू द्यायचा, म्हणजे पडदा सैलावतो, अशी एक श्रद्धा आहे. तिला बर्न-इन म्हणतात. पडदा सैलावतो की ऐकणारा, यावर पंथात वाद आहेत. मला विचाराल तर ऐकणारा. कानसेन नवा जोड कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवतो आणि त्यातून दिवसरात्र पिंक नॉइज सोडतो. हा आवाज थेट पावसाच्या सरीसारखा असतो. त्याच्या आई होत्या तेव्हा ऐन मार्चमध्ये मध्यरात्री उठून गच्चीवरचे पापड काढायला गेल्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावर एक इंजिनिअर राहतात. तेही याच पंथातले, पण दुसऱ्या शाखेचे. ते कानावर विश्वास ठेवत नाहीत, ग्राफवर ठेवतात. त्यांच्याकडे एक कृत्रिम कान आहे. पंथात त्याला ७११ म्हणतात, कारण त्याच्या जुन्या आंतरराष्ट्रीय मानकाचा तो क्रमांक. आता तो बदलला, पण पेठेत पूल बदलला तरी नाव जुनंच राहतं. त्या कानात आयईएम खुपसायचा आणि कुठला सूर किती मोठा येतो त्याची रेषा काढायची. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी श्रोत्यांना बसवून, बहुतेकांना कुठली रेषा आवडते हे शोधून ठेवलंय. इंजिनिअर साहेब त्या रेषेवर नवी रेषा ठेवून बघतात. जुळली तर वस्तू चांगली. ऐकण्याची त्यांना गरज पडत नाही, वेळही वाचतो. कानसेनचं म्हणणं, "बहुतेकांना आवडतं ते मला का आवडावं? मी कोथरूडमध्ये राहतो." दोघांत आठ किलोहर्ट्झच्या एका उंचवट्यावरून भांडण झालं. तो उंचवटा आयईएमचा की कृत्रिम कानाच्याच पोकळीतला, हा मुद्दा. तेव्हापासून दोघे लिफ्टमध्ये बोलत नाहीत. दोघांच्याही कानात काहीतरी असतं, त्यामुळे ते उठून दिसत नाही.

माणसाच्या कानाला वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात असतं. ते तरुण कानाबद्दल असतं. वय वाढतं तसा वरचा मजला बंद होत जातो. कानसेनने एकदा हौसेने घरात सगळ्यांची चाचणी घेतली. बारीक शिट्टी चढवत न्यायची आणि ऐकू येणं थांबलं की हात वर करायचा. त्याची मुलगी सातवीत आहे, तिने सतरा हजारांच्या पुढे हात वर केला. कानसेनचा हात साडेबारा हजारांवरच गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, अजून चालू आहे." "मला माहितेय," कानसेन म्हणाला, "ऐकू येत नाही, पण जाणवतं." ज्या आयईएमला 'पंधरा हजारांच्या वर अप्रतिम हवा' असा शेरा त्याने दिला होता, तो जोड मुलीने त्याच आठवड्यात शाळेच्या सहलीला नेला.

आता गाण्यांबद्दल. इथपर्यंत गाण्याचा विषय निघाला नाही तो माझ्यामुळे नाही.

तीन-चार हजारांचा आयईएम होता तोवर कानसेन सगळं ऐकायचा. वस्तू सुधारत गेली तशी गाणी गळायला लागली. सगळ्यात आधी बालगंधर्व गेले. जुनी तबकडी, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, आणि नव्या जोडात सुईची घासणी इतकी तपशीलवार ऐकू येई, की नाट्यपद मागे आणि घासणी पुढे. मग अब्दुल करीम खाँसाहेब. मग सगळं मोनो गेलं, कारण मोनोत सगळे एकाच ठिकाणी उभे असतात. मग सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, कारण गाणाऱ्या बाईंचा 'स' कानाला चावतो. नव्या गाण्यांना तर त्याने दारातूनच परत पाठवलं, मास्टरिंगमध्ये सगळं दाबून सपाट केलेलं असतं म्हणून. खाती बंद करत जावीत तसा तो एकेक गायक बंद करत गेला. शेवटी उरलं काय? डबल बासच्या साथीने घोगऱ्या आवाजात हळू गाणाऱ्या तीन-चार परदेशी बायका, ज्यांचे शब्द त्याला कळत नाहीत, त्यामुळे व्यत्यय नाही. ईगल्स बँडने १९९४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन केलेल्या मैफलीतलं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. त्यात आधी गिटार येते, टाळ्या येतात, आणि मग पोटात जाणारा एक दणका. दणका नीट पडला की कानसेन गाणं बंद करतो. पुढे कुणी गातं, हे त्याच्या घरात कुणाला माहीत नाही. आणि एक टेस्ट रेकॉर्डिंग आहे, त्यात काडेपेटीवर काडी ओढतात. "अशी काडी कधी ऐकलीयस?" त्याने मला डोळे मोठे करून विचारलं. आत वहिनी माझ्यासाठीच गॅस पेटवत होत्या.

अण्णांना हे कळेनासं झालंय. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण वर्षभर लागत होतं तेव्हा ते लहान होते. घरी रेडिओ नव्हता. वाड्यात एकाच बिऱ्हाडात होता, त्यांच्या ओसरीवर पुढे मोठी माणसं, मागे पोरं, आणि अण्णा त्याच्याही मागे, जिन्यात. एकदा कानसेनला त्यांनी ते लावायला सांगितलं. त्याने अँड्रोमेडा कानात घालून अर्धा मिनिट ऐकलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "अण्णा, या रेकॉर्डिंगमध्ये काही राम नाही."

"गीतरामायणात?" अण्णा म्हणाले.

हे सगळं लिहिल्यावर एक गोष्ट नोंदवणं भाग आहे, नाहीतर ऑडिट एकतर्फी होईल: कानसेनचा कान खरोखर चांगला आहे. वहिनी गाण्याच्या शिकवण्या घेतात. त्यांचा तंबोरा मिरजेचा. तिथली कारागीर मंडळी तंबोऱ्याची घोडी कानस फिरवून, वाजवून, पुन्हा घासून जमवतात, तीही नुसत्या कानाने. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घोडीला ग्राफ लावल्याचं अजून ऐकिवात नाही. एका सकाळी वहिनी तंबोरा लावत होत्या आणि तो काही केल्या बोलेना. सूर बरोबर, पण आवाज मिटलेला. कानसेन आत दाढी करत होता. तिथूनच म्हणाला, "खर्जाचा दोरा केसभर पुढे घे." घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो, त्याची जागा हलली की जवारी जाते. वहिनींनी दोरा सरकवला आणि खर्ज असा खुलला, की खालच्या मजल्यावरची शिकवणीला येणारी मुलगी जिन्यातच थांबली. वहिनी त्या दिवशी त्याच्यावर खूश होत्या. दुपारी त्याने त्या खर्जाला 'सब-बेस उत्तम, डिके नैसर्गिक' असा शेरा दिला तोवर.

गेल्या वर्षी अण्णांना ऐकू कमी यायला लागलं आणि कानसेनच्या आयुष्याला नवं वळण मिळालं. वडिलांना घेऊन तो ऑडिऑलॉजिस्टकडे गेला. तिथल्या बाईंनी अण्णांना काचेच्या खोलीत बसवून चाचणी घेतली आणि कागद पुढे केला. कानसेन कागद बघून हरखलाच. "वा! दोन किलोहर्ट्झनंतर काय स्वच्छ उतार आहे!" बाई म्हणाल्या, हे नुकसान आहे. मग मशीनची निवड. कानसेनने विचारलं, रिसीव्हर कुणाचा, नोल्सचा की सोनियनचा? डोम कुठले, उघडे की बंद? दुसऱ्या आकाराचे घालून बघता येतील का? बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांच्यात पेशंट कोण?"

मशीन आठवडाभर वापरून बघायला मिळालं. पहिल्या दिवशी अण्णा घरभर दचकत फिरले. कुकर, चमचे, फरशीवरची खुर्ची. "वर्तमानपत्र एवढं वाजतं?" त्यांनी विचारलं आणि पान अगदी हळू उलटलं. संध्याकाळी कानसेन वही घेऊन समोर बसला. काय वाटलं?

अण्णांनी विचार केला. "भांडी पुढे येतात रे. माणसं मागे राहतात."

कानसेनने पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत एवढं नेमकं निरीक्षण त्याच्या वहीत आलं नव्हतं. "अण्णा," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे अप्पर ट्रेबल हॉट आहे आणि मिड्स रिसेस्ड."

"तसंच असेल," अण्णा म्हणाले. "आणि तुझ्या मावशीचा फोन आला की दोन्हीकडून येते. ती एका बाजूला करता आली तर बघ."

बाईंकडे जाऊन भांडी मागे आणि माणसं पुढे करून आणली. अण्णा आता रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मशीन लावून बसतात. तिथे आणखी तिघाचौघांच्या कानात मशीनं आहेत, आणि त्यांचीही किंमत चॅनेलवर ठरते. परवा मी तिथून जात होतो. एक काका म्हणत होते, माझं सोळा चॅनेलचं, मुलाने घेऊन दिलं. दुसऱ्यांचं बाराचं होतं, ते जरा ओशाळले. अण्णा म्हणाले, "चॅनेल मोजू नका हो. ट्युनिंग बघा." मग सोळावाल्यांनी तक्रार केली, की विमान गेलं तर लोहगावपासून ऐकू येतं पण सून हाक मारते ती येत नाही. बारावाले म्हणाले, यात तक्रार कसली? आणखी एकांनी खिशातून डोम काढून दाखवले. अण्णांनी ते दोन बोटांत धरून उजेडात बघितले आणि म्हणाले, तुमचा डावा कान लहान असणार.

बाकाच्या टोकाला कानसेन बसला होता. कानात काही नव्हतं. मांडीवर वही उघडी, पेन हातात. चेहऱ्यावर असं समाधान मी त्याच्या घरी कधी बघितलं नाही. तो सोळावाल्या काकांकडे वाकला.

"काका, अगदी शांत असताना, रात्री वगैरे, हिस येते का?"

काकांनी कानामागे हात धरला. "कोण येते?"